गुडघ्यातला दोर तुटतो तेव्हा

संपादक मंडळातील मित्रांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी "आरोग्यावर काहीतरी लिहा" अशी गळ घातली, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. मी कला शाखेचा पदवीधर, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला. गेली वीस वर्षे बँकेत कारकुनी करतो. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या सांगाड्याच्या तक्त्यापुरता. परंतु गेल्या दीड वर्षात आमच्या घरात गुडघा या एकाच अवयवाचा इतका अभ्यास झाला आहे, की डॉक्टरांच्या तोंडचे इंग्रजी शब्द आता आमच्या वहिनीसुद्धा बिनचूक उच्चारतात. हा अभ्यास आधी झाला असता तर बरे झाले असते. तसा तो झाला नाही, यात माझीही चूक आहे, आणि ती मी पुढे सांगणारच आहे. येथे दिलेली माहिती डॉक्टरांना विचारून आणि वाचून मिळवली आहे. उपचार मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.

आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यातले दोन गुडघे साऱ्या देशाला ठाऊक आहेत. पहिला, कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. (बँकेत असल्यामुळे ही गहाणाची गोष्ट माझ्या विशेष लक्षात राहिली आहे.) खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. पुढच्या ऑलिंपिकमध्ये ते याहून मोठे पदक आणतील अशी सर्वांची आशा होती. पण त्याआधीच गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि मोठी कुस्ती तिथेच थांबली. तेव्हा त्यांची जेमतेम तिशी होती.

दुसरा गुडघा सांगलीच्या माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधना हिचा. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत ब्रिस्बेन हीट संघाकडून खेळताना तिच्या गुडघ्यातला एक महत्त्वाचा दोर, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटला. शस्त्रक्रिया झाली. २४ जून २०१७ रोजी डर्बीच्या मैदानावर विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा काढल्या आणि पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती.

या दोन्ही दुखापती एकाच प्रकारच्या होत्या असे मला म्हणायचे नाही. पण एक गुडघा थांबला आणि दुसरा परत मैदानात आला. या मधल्या साठ वर्षांत गुडघ्याविषयीचे ज्ञान कुठल्या कुठे गेले. आमच्या घरातला तिसरा गुडघा मात्र सुरुवातीचे पाच महिने १९५५ सालातच अडकून पडला होता.

तो गुडघा माझ्या पुतणीचा. वय वीस, राहणार गावाकडे. कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळते, चढाई चांगली करते. शिवाय पोलीस भरतीची तयारी चालली होती. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर व शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक असते. दादांची परिस्थिती बेताची, एकरभर रान. या नोकरीवर घरातल्या सगळ्यांच्या नजरा होत्या. दीड वर्षापूर्वी गावच्या यात्रेतल्या सामन्यात चढाई करून माघारी वळताना तिचा पाय मातीत रुतला. अंग वळले, पाय तिथेच राहिला. कोणी धरले नव्हते, कोणी ढकलले नव्हते. "काका, आतून कट्कन आवाज आला," असे तिने मला फोनवर सांगितले. दिवस मावळेपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

गावात एक चोळणारे आहेत. त्यांनी तेल लावून, पाय ओढून दोन दिवस चोळले. पोरगी किंचाळत होती आणि बाया म्हणत होत्या, शीर चढलीय, बसली की थांबेल. मग तालुक्याला एक्स-रे काढला. हाड शाबूत. मुका मार आहे, आठ-पंधरा दिवसांत बरे होईल, असे सांगण्यात आले. दादांनी मला विचारले. घरात शिकलेला मी. मी सांगितले, "दादा, एक्स-रे नॉर्मल आहे ना? मग विषय मिटला. सूज उतरली की पळू दे तिला."

सूज उतरली. ती सरळ रेषेत पळे तेव्हा त्रास नसे. पण वळताना, उतारावर, विहिरीच्या पायऱ्या उतरताना गुडघा एकाएकी निसटल्यासारखा होई. "काका, पाय माझा राहत नाही," असे ती म्हणे. मी म्हणे, "तुझ्या मनात भीती बसली आहे, बाळ." पाचव्या महिन्यात ती ओढ्याच्या उतारावर पडली आणि गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकला. काही केल्या सरळ होईना. तेव्हा मात्र आम्ही तिला घेऊन मिरज गाठली. तेथील डॉक्टरांनी पाच मिनिटे गुडघा हाताने हलवून पाहिला आणि त्यांना जे सांगायचे ते सांगितले. नंतरच्या एमआरआयने त्यावर शिक्का मारला.

आता हा गुडघा आतून असतो कसा ते पाहू. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोल गाठींसारखे असते आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट. म्हणजे पाटावर दोन चेंडू ठेवावेत तशी ही रचना. खुब्याच्या सांध्यात गोळा खोल खोबणीत बसतो, तशी खोबण इथे नाही. मग सगळ्या शरीराचे वजन पेलणारे हे चेंडू पाटावरून घरंगळत का नाहीत? कारण त्यांना दोरांनी बांधलेले असते. या दोरांना शास्त्रीय मराठीत अस्थिबंध म्हणतात आणि व्यवहारात आपण लिगामेंट म्हणतो. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा, तर हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. आपल्याकडे या दोघांना आणि रक्तवाहिनीलाही सरसकट 'शीर' म्हणतात आणि तिथूनच घोटाळ्याला सुरुवात होते. तुटलेला दोर चोळून 'बसत' नाही.

मुख्य दोर चार. एक गुडघ्याच्या आतल्या अंगाला, एक बाहेरच्या अंगाला. हे दोघे गुडघ्याला बाजूला झुकू देत नाहीत. उरलेले दोन सांध्याच्या अगदी गाभ्यात, एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे. त्यांतला पुढचा तो अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजेच एसीएल. मागचा तो पीसीएल. एसीएलची लांबी साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ बसू न देणे ही त्याची कामे. याशिवाय दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात, त्यांना आपण गादी म्हणतो. धक्का शोषण्याचे काम त्यांचे.

हे एकदा समजले की पुतणीच्या प्रत्येक तक्रारीचा अर्थ लागतो. कट्कन आवाज आला तो दोर तुटल्याचा. काही तासांतच गुडघा फुगला, कारण तुटलेल्या दोरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून सांध्यात रक्त साचले. साध्या लचकण्याची सूज बहुधा दुसऱ्या दिवशी सावकाश चढते. 'पाय माझा राहत नाही' हे तर अगदी नेमके वर्णन होते. वळताना नडगी पुढे सटकत होती आणि तिला धरणारा दोर जागेवर नव्हता. भीती तिच्या मनात नव्हती, दोष गुडघ्यात होता. आणि असा गुडघा जितक्या वेळा सटकतो, तितक्या वेळा मधली गादी चिरडली जाते. पाचव्या महिन्यात तिचा गुडघा अडकला तो फाटलेल्या गादीचा तुकडा मध्ये घुसल्यामुळे. पहिल्या दिवशी फक्त दोर तुटला होता. गादीचे नुकसान आमच्या पाच महिन्यांनी केले.

आणि एक्स-रे? एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोर दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ हाड मोडलेले नाही, एवढाच. खातेदाराच्या पासबुकावर शिल्लक दिसते म्हणून त्याच्या कर्जाची कल्पना येत नाही, हे मी रोज पाहतो, तरी मला ते कळले नाही. दोर पाहायचा तर एमआरआय लागतो. पण त्याच्याही आधी जाणकार डॉक्टरांचा हात बरेच सांगून जातो. गुडघा थोडासा, वीस-तीस अंश, वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतात. दोर शाबूत असेल तर नडगी थोडी सरकून टक्कन थांबते. तुटला असेल तर टेबलाच्या खणासारखी पुढे येत राहते. फिलाडेल्फियाचे डॉ. लॅकमन यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. त्यांचे शिष्य टॉर्ग यांनी १९७६ साली ती प्रसिद्ध केली. हिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसा लागत नाही.

या दोरांची माहिती जगाला नवी नाही. रोमन काळातील वैद्य गॅलेन यांनी त्यांचे वर्णन केले होते. पण दुरुस्तीचा प्रयत्न फार उशिरा झाला. १८९५ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन या शल्यचिकित्सकाने एका ४१ वर्षांच्या खाण कामगाराचे तुटलेले फुलीचे दोर टाके घालून जोडले. जगातली ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया एखाद्या सरदाराच्या गुडघ्यावर झाली नाही, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुराच्या गुडघ्यावर झाली, हे मला वाचून बरे वाटले. परंतु पुढे अनुभव असा आला की नुसते टाके घातलेला दोर फारसा टिकत नाही. कारण हा दोर सांध्याच्या वंगणात बुडालेला असतो, तिथे दोन टोकांमध्ये रक्ताची गाठ धरत नाही आणि गाठ न धरल्यामुळे जखम सांधत नाही. आतल्या अंगाचा बाजूचा दोर सांध्याच्या बाहेर असतो, तो मात्र बहुतेक वेळा पट्टा बांधून आपोआप भरून येतो. म्हणून १९१७ मध्ये हे ग्रोव्हज यांनी वेगळा मार्ग धरला. तुटलेला दोर शिवायचा नाही, रुग्णाच्याच अंगातील दुसरी पट्टी घेऊन नवा दोर ओवायचा. आजची शस्त्रक्रिया मूळ याच कल्पनेवर उभी आहे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे दुर्बीण. १९१८ साली टोकियोच्या प्रा. ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आत पाहिले. त्यांना काळजी होती क्षयाने आखडणाऱ्या गुडघ्यांची. जपानी माणूस आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा, त्याचा गुडघा ताठला तर जगणेच अवघड. त्यांचे शिष्य वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल अशी दुर्बीण तयार केली. खाशाबांची कारकीर्द थांबली तेव्हा ती जगाला माहीतही नव्हती. दुर्बिणीतून एसीएल नव्याने बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये डँडी यांनी केली ती १९८० साली.

मग दोर तुटला की शस्त्रक्रिया करायचीच का? तसे नाही, आणि हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. माझ्यासारख्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाचा एसीएल तुटला, तर मांडीचे स्नायू व्यायामाने बळकट करून तो पुष्कळदा बिनत्रास राहू शकतो. स्वीडनमध्ये १२१ तरुण, क्रियाशील रुग्णांवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया व व्यायाम, उरलेल्यांना आधी फक्त व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. व्यायामाच्या गटातील ५९ पैकी २३ जणांना नंतर शस्त्रक्रिया करावी लागली, बाकीच्यांना त्या दोन वर्षांत लागली नाही. पण ज्याचा गुडघा रोजच्या चालण्यात निसटतो, ज्याची गादीही फाटली आहे, ज्याला वळणा-उड्यांचे खेळ खेळायचे आहेत किंवा ज्याची भाकरीच पायांवर अवलंबून आहे, त्याने शस्त्रक्रियेचा विचार करावा. आमची पुतणी या चारही कसोट्यांना उतरत होती.

तरी घरात वाद झालाच. वहिनी रडू लागल्या. मुलीच्या पायाला कात्री लागली हे पाहुण्यांत कळले तर पुढे स्थळ कसे येणार, हा त्यांचा प्रश्न. दादा गप्प. शेवटी पुतणीच म्हणाली, "आई, लंगडत आले तर स्थळ येईल का?" त्यावर कोणाला काही बोलता आले नाही. खर्चाचा प्रश्न वेगळाच. त्याबाबत एक सूचना करतो. शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वीच रुग्णालयात आरोग्यमित्र असतील तर त्यांना भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, कोणती कागदपत्रे लागतात, हे विचारावे. बिल झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काय करतात ते डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावले. नवा दोर बहुधा रुग्णाच्याच मांडीमागच्या दोन कंडरांचा करतात. त्या दुमडून चारपदरी केल्या की आठ-नऊ मिलिमीटर जाडीचा दोर होतो. काही डॉक्टर वाटीखालच्या कंडरेची पट्टी तिच्या दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट घेतात, काही वाटीवरची घेतात. मग दुर्बीण आत घालून नडगीच्या हाडातून एक आणि मांडीच्या हाडातून एक असे दोन बोगदे पाडतात. बोगदा म्हटल्यावर आपल्यासमोर खंबाटकीचा येतो, हा मात्र पेन्सिल जाईल एवढाच. दोर एका बोगद्यातून ओढून दुसऱ्यात नेतात, ताण देतात आणि एका बाजूला धातूचे छोटे बटण, दुसऱ्या बाजूला स्क्रू असे पक्के करतात. बोगद्याची जागा दोन-चार मिलिमीटरने चुकली तरी दोर नको तिथे ताणला जातो, म्हणून कौशल्य आहे ते इथे. पुतणीची गादीही त्याच वेळी टाके घालून शिवली. दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन ती उभी राहिली.

इथवर ऐकले की लोकांना वाटते, झाले काम. वास्तविक काम इथून सुरू होते. नवा दोर बसवला तेव्हा तो एक निर्जीव झालेला धागा असतो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर हळूहळू त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी घालते आणि त्या कंडरेचा अस्थिबंध बनवते. या प्रक्रियेला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. गंमत अशी की, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणे जवळजवळ थांबते, सूज नसते, रुग्णाला वाटते आपण बरे झालो. आणि नेमका त्याच काळात आतला दोर सर्वांत कच्चा असतो. नॉर्वे व अमेरिकेतील रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवावे, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा धोका निम्म्याने घटतो. मानधना पाच महिन्यांत परतली, पण तिच्यामागे फिजिओ व प्रशिक्षकांची फौज होती. गावाकडच्या मुलीने तो हिशोब धरू नये. पंचविशीच्या आतले जे तरुण पुन्हा खेळात उतरतात, त्यांच्यातील चार-पाच जणांमागे एकाचा तोच किंवा दुसऱ्या पायाचा दोर पुन्हा तुटतो, हेही डॉक्टरांनी आमच्यापासून लपवले नाही. पुढे लवकर झीज होण्याची शक्यता शस्त्रक्रियेनंतरही पूर्णपणे जात नाही.

व्यायामाचा क्रम मोठा चिकाटीचा आहे. पहिल्या आठवड्यात गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा स्नायू आवळून धरणे, एवढेच. ऐकायला सोपे, पण त्या दिवसांत मांडी मेंदूचे ऐकतच नाही. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पोरगी घामाघूम होई. मग भिंतीला टेकून अर्धी बैठक, पायरी चढ-उतार, एका पायावर तोल. गादी शिवल्यामुळे पहिले काही महिने खोल बैठक आणि मांडी घालून बसणे बंद. गावाकडे हे फार अवघड गेले. पंगतीत तिच्यासाठी खुर्ची ठेवली की सगळे वळून पाहत. पळणे सुरू झाले चौथ्या महिन्यात, तेही सपाट रस्त्यावर. वहिनींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर टांगले आणि दररोजच्या व्यायामापुढे खूण करू लागल्या. आवर्त ठेवीचा एकही हप्ता त्यांनी चुकू दिला नाही.

आपल्या भागात कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणारी मुले-मुली घरोघरी आहेत. एसीएलच्या बहुसंख्य दुखापती कोणाचा धक्का न लागता, धावता धावता थांबताना, वळताना किंवा उडीनंतर पाय टेकताना होतात. मुलींमध्ये त्याचे प्रमाण मुलांच्या दुप्पट व काही खेळांत त्याहून अधिक आढळते. कुस्तीत पट काढताना पाय अडकून पीळ बसतो. विनेश फोगाट हिचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या गादीवरच गेला होता, आणि दोन वर्षांनी जाकार्ताला तिने आशियाई सुवर्णपदक जिंकले. उडीनंतर गुडघे आत न झुकवता वाकवून अलगद उतरणे, मांडीमागचे स्नायू बळकट करणे, एका पायावर तोल साधणे अशा पंधरा-वीस मिनिटांच्या तयारीने या दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अनेक देशांत सिद्ध झाले आहे. आमच्या तालमींत आणि शाळांत जोर-बैठका भरपूर मारून घेतात, पण उडी मारून उतरायचे कसे हे कोणी शिकवत नाही.

खेळाडूच कशाला, ऊस भरलेल्या ट्रॉलीला चुकवताना मोटारसायकल घसरली आणि तोल सावरायला पाय टेकला, तरी हाच दोर तुटतो. समोरून गुडघ्यावर आदळले तर मागचा, पीसीएल, जातो. अशा अपघातात गुडघा वेडावाकडा झाला, पाऊल गार पडले, पांढरे-निळे दिसू लागले किंवा बधिर झाले, तर एक मिनिटही थांबू नये. गुडघ्यामागून जाणारी मोठी रक्तवाहिनी फाटलेली असू शकते आणि काही तासांच्या उशिराने पाय कापण्याची वेळ येते. एरवी खेळताना गुडघा मुरगळला, तर खेळ तिथेच थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, तेल नाही, चोळणे तर मुळीच नाही. चार पावले टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावाच. आणि काही तासांत सूज आली असेल, आवाज आला असेल, किंवा पुढे गुडघा निसटत असेल, तर एक्स-रे चांगला आला तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून दोर तपासून घ्यावा.

पुतणीची नववा महिना भरल्यावर चाचणी झाली. एका पायावर उड्या मारायला लावून दोन्ही पायांचे अंतर मोजले, मांडीची ताकद यंत्रावर मोजली. दोन्हीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरायला हवा. उडीत ती ९२ टक्के आली, ताकदीत ८३. डॉक्टर म्हणाले, कबड्डी अजून नाही, तीन महिने मांडीचा व्यायाम वाढवा. तिचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "काका, तुम्ही सांगा ना, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय?"

या वेळी मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतील तेच, बाळ."

आता अकरावा महिना चालू आहे. सकाळी कॉलेजच्या मैदानावर ती आठशे मीटर धावते, दादा हातात घड्याळ घेऊन उभे असतात. पुढची चाचणी येत्या महिन्यात मिरजेत आहे, आणि त्या दिवसाची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे.